चिठ्ठी कोणी लावायची?

मार्चअखेरचा स्टॉक काढणे हे कापडदुकानातले वर्षातले सर्वांत थकवणारे काम असते आणि त्यातून हाती येणारा आकडा हा वर्षातला सर्वांत अविश्वासार्ह आकडा असतो. सोलापुरात नवी पेठ, चाटी गल्ली आणि मधला मारुती या भागांतल्या दुकानांचे जमाखर्च लिहिण्यात माझी तीसएक वर्षे गेली, त्यामुळे हे विधान मी ऐकीव माहितीवर करत नाही. रात्री दुकान वाढवले की शटर अर्धे ओढून घेतले जाते, एक जण शिडीवर चढतो आणि वरून पुकारू लागतो, "पांढरा हाफ, बत्तीस, सात नग." खाली बसलेला दुसरा ते पूर्वी वहीत आणि आता संगणकाच्या तक्त्यात उतरवून घेतो. अकरा वाजेपर्यंत पुकारा खणखणीत असतो. बारानंतर शिडीवरचा माणूस गठ्ठा न सोडता नुसत्या घड्यांच्या कडांवरून बोट फिरवू लागतो, आणि एक वाजून गेला की "असतील दहाएक, लिही दहा" असे ऐकू येते. तो दहाचा आकडा पुढे ताळेबंदात जातो, बँकेत जातो आणि वर्षभर सत्य म्हणून मिरवतो.

अशाच एका गणवेशाच्या दुकानात एका वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बत्तीस नंबरचा पांढरा हाफ शर्ट संपला म्हणून पालकांना रिकाम्या हाताने परत पाठवले जात होते, आणि वहीत मात्र त्याच शर्टाचे चाळीस नग शिल्लक दिसत होते. मालकाने ते चोरीला गेले असे धरले. माळ्यावर चढउतार करणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलावर संशय आला आणि त्याच्या पगारातून चार महिने रक्कम कापली गेली. दिवाळीच्या साफसफाईत ते खोके जसेच्या तसे सापडले. दुसऱ्या एका शाळेच्या ट्युनिकच्या गठ्ठ्यामागे ते भिंतीला टेकून उभे होते. तोवर तो मुलगा काम सोडून गेला होता. कपातीच्या चारही नोंदी माझ्या अक्षरातल्या आहेत.

म्हणून कपड्यावर रेडिओलहरींनी वाचता येणारी चिठ्ठी, म्हणजे आरएफआयडी टॅग, लावून दुकानातला माल मोजावा की नाही, हा प्रश्न मला केवळ यंत्राचा वाटत नाही. माझे मत असे आहे की हा टॅग सोलापूरच्या तयार कपड्यांच्या धंद्यात यावा, त्याची सुरुवात गणवेशापासून व्हावी, तो शिलाईच्या ठिकाणीच कारखानदारांनी एकत्र येऊन लावावा आणि तो पुठ्ठ्याच्या लेबलावर असावा, कपड्याच्या शिवणीत कधीही नसावा. यातली शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिच्याकडे पुढे येतो.

तंत्र म्हणाल तर ते सोलापूरकरांच्या ओळखीचे आहे. पुण्याला जाताना मोहोळच्या अलीकडे सावळेश्वरच्या टोलनाक्यावर आपण जे फास्टॅगचे स्टिकर काचेवर मिरवतो, ते आणि शर्टाच्या लेबलात बसणारा टॅग हे एकाच कुळातले आहेत. दोन्हींत बॅटरी नसते. खसखशीच्या दाण्याएवढी एक चिप आणि तिला जोडलेला ॲल्युमिनियमचा पातळ, नागमोडी अँटेना, एवढाच त्यांचा संसार. रीडरने, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्राने, सोडलेल्या लहरींतूनच चिपला क्षणभर पुरेल इतकी ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक परत पाठवते. आपल्या देशात या कामासाठी ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा लहरींचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, त्यामुळे दुकानदाराला रीडर वापरण्यासाठी कोणत्याही कचेरीची पायरी चढावी लागत नाही. फास्टॅग १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून सक्तीचा झाला तेव्हा जी कुरकुर झाली ती आज कोणाला आठवतही नाही. मात्र कधीकधी पुढच्या गाडीऐवजी मागच्या गाडीचा टॅग आधी वाचला जातो आणि बूथवर वाद होतो, तो अनुभव लक्षात ठेवावा, कारण कापडाच्या गोदामातही नेमके तेच घडते.

बारकोड असताना हे कशाला, असा प्रश्न प्रत्येक दुकानदार विचारतो आणि तो रास्त आहे. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी च्युइंगगमच्या एका पाकिटावर पहिल्यांदा बारकोड वाचून बिल झाले, आणि तेव्हापासून अर्धशतक त्या काळ्या-पांढऱ्या रेघांनी जगाचा व्यापार पेलला आहे. पण बारकोड वाण सांगतो, नग सांगत नाही. बत्तीस नंबरच्या चाळीस शर्टांवर एकच बारकोड असतो, त्यामुळे एकच शर्ट दोनदा वाचला गेला की शर्ट दोन झाले असे यंत्राला वाटते. शिवाय तो डोळ्यांसमोर धरावा लागतो. प्रत्येक नग गठ्ठ्यातून काढा, लेबल सरळ करा, वाचा आणि पुन्हा घडी घाला. कपड्यांसाठी रूढ असलेल्या टॅगमध्ये ९६ बिटांचा क्रमांक असतो आणि त्यातले ३८ बिट केवळ त्या एका नगाच्या अनुक्रमांकासाठी राखलेले असतात. म्हणजे एकेका वाणाच्या सत्तावीस हजार कोटींहून अधिक नगांना वेगवेगळे क्रमांक देता येतात, आणि एकच शर्ट दहा वेळा वाचला गेला तरी तो एकच मोजला जातो. ते वाचण्यासाठी घडी मोडावी लागत नाही, खोकेही उघडावे लागत नाही.

मोजणीतली चूक ही आपल्याकडची खास गोष्ट आहे असेही समजू नये. निकोल डिहोरेशियस आणि अनंत रामन यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका मोठ्या अमेरिकी विक्रेत्याच्या ३७ दुकानांतल्या सुमारे ३ लाख ७० हजार नोंदी प्रत्यक्ष मालाशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्यातल्या ६५ टक्के नोंदी चुकीच्या निघाल्या. ती दुकाने संगणकावर चालणारी आणि बारकोड वापरणारी होती. त्यामुळे आमच्या पेठेत शिडीवरून पुकारलेल्या आकड्यांचे काय होत असेल याची कल्पना केलेलीच बरी. चुकीचे मूळ बहुतेक वेळा क्षुल्लक असते: अडतीसच्या जागी छत्तीसचे बिल झालेले असते, बदलून दिलेल्या मालाची नोंद राहिलेली असते, जांगड म्हणून, म्हणजे पसंत पडले तर ठेवण्याच्या बोलीवर, दिलेले नग परत आल्यावर भलत्याच कप्प्यात गेलेले असतात, कारखान्याने साठ लिहून अठ्ठावन्नच पाठवलेले असतात. या सगळ्याची बेरीज वर्षाअखेरीस तूट म्हणून दिसते. तुटीला चेहरा नसतो, म्हणून तिला कुणाचा तरी चेहरा लावला जातो.

आता यंत्राची मर्यादा. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गणवेशाच्या कारखान्यात गेल्या वर्षी रीडर विकणाऱ्यांनी प्रात्यक्षिक ठेवले होते आणि मालकांनी मला मुद्दाम बोलावले होते. साठ शर्टांचे चिकटपट्टी लावलेले खोके टेबलावर ठेवले, त्या तरुणाने पिस्तुलासारखा रीडर खोक्याभोवती एकदा फिरवला आणि पडद्यावर आकडा धावत जाऊन साठवर थांबला. चहा ओतेपर्यंतचा वेळ लागला नाही. मग मालकांनी तोच रीडर रिकाम्या खोलीत नेऊन चालवायला सांगितला आणि पडद्यावर अकरा आकडा आला. खोलीत एकही कपडा नव्हता. पार्टिशनच्या पलीकडे इस्त्रीच्या टेबलावर काही शर्ट पडले होते, त्यांतले अकरा टॅग त्या प्लायवूडमधून ओ देत होते. नंतर एक खोके पत्र्याच्या कपाटात ठेवले तर साठातले एकही वाचले गेले नाही. विक्रेता थोडा ओशाळला, पण मला ते प्रात्यक्षिक सर्वांत प्रामाणिक वाटले. लहरी धातूवरून परततात आणि पाण्यात शोषल्या जातात. पत्र्याचे रॅक आणि ओल धरलेले गठ्ठे दोन्ही त्यांना मानवत नाहीत, आणि रीडर व माल यांच्या मध्ये माणूस उभा राहिला तरी फरक पडतो, कारण आपण सगळे बऱ्याच अंशी पाणीच आहोत.

त्याहून मूलभूत मर्यादा अशी की यंत्र कपडे मोजत नाही, चिठ्ठ्या मोजते. छत्तीसच्या शर्टाला अडतीसची चिठ्ठी लागली तर यंत्र अत्यंत आत्मविश्वासाने आणि अत्यंत वेगाने चूक सांगेल. माणसाच्या चुकीवर निदान दुसरा माणूस शंका घेतो. पडद्यावरच्या चुकीवर कोणी घेत नाही. म्हणून चिठ्ठी लावण्याची जागा हाच खरा कळीचा मुद्दा ठरतो. कटिंग झाल्यावर मापांचे गठ्ठे वेगळे बांधलेले असतात आणि कोणता गठ्ठा कोणत्या मापाचा हे पॅकिंगच्या टेबलावर बसलेल्या बाईंना बिनचूक ठाऊक असते. तिथे लेबल लागले तर चूक होण्याची शक्यता सर्वांत कमी. तोच माल वाहतुकीतून दुकानात आला, खोकी फुटली, गठ्ठे मिसळले आणि मग जूनच्या गर्दीत कोणी हंगामी पोऱ्या टॅग चिकटवत बसला, तर त्या टॅगांचा उपयोग शोभेपुरताच.

सगळ्याच कापडाला हे लागू करावे असे मी म्हणत नाही. साड्यांच्या दुकानाचे उदाहरण घ्या. लग्नाचा बस्ता बांधायला बार्शीहून किंवा मंगळवेढ्याहून दहा-बारा माणसे गादीवर येऊन बसतात, सेल्समन एकामागून एक साडी उलगडत जातो, बघता बघता पन्नास साड्यांचा डोंगर होतो आणि त्यातून पाच ठरतात. इथे प्रत्येक साडी वेगळी असते, बत्तीस-चौतीस-छत्तीस अशी मापांची उतरंड नसते, आणि कोणती साडी कुठल्या थप्पीत आहे हे जुन्या सेल्समनच्या डोक्यात कोणत्याही यंत्राहून पक्के बसलेले असते. त्यात तांत्रिक अडचणही आहे. खऱ्या जरीत चांदीची तार असते आणि नकली जरीत तांब्याची. घडी घातल्यावर इरकलचा जरीकाठ नेमका टॅगवर आला की टॅग मुका होतो. महागाच्या साड्यांसाठी, चोरीची खरोखर भीती असेल तर, दोऱ्याने बांधायचे आणि बिलाच्या वेळी काढून पुन्हा वापरायचे टॅग चालतील. झारा या परदेशी कपड्यांच्या साखळीच्या मूळ कंपनीने २०१४ मध्ये जाहीर केलेल्या योजनेतही चिप दुकानातच राहणाऱ्या सुरक्षा-टॅगमध्ये बसवून ती पुनःपुन्हा वापरण्याचीच पद्धत होती. चादरी आणि टॉवेल यांच्याबाबत हिशेब सरळ आहे. टॅगची किंमत तूर्त पाच रुपये धरली, तर चाळीस रुपयांच्या नॅपकिनवर तो साडेबारा टक्के बोजा होतो. तिथे गाठीवर एक टॅग पुरे.

जाता जाता, काही मंडळींना वाटते की सोलापुरी चादरीला भौगोलिक संकेतन, म्हणजे गावाच्या नावाला कायद्याचे संरक्षण, मिळूनही जो बनावट माल विकला जातो त्याला टॅग आळा घालील. हा गैरसमज आहे. साध्या टॅगमधला क्रमांक कोणताही रीडर वाचू शकतो आणि तो दुसऱ्या टॅगवर उतरवता येतो. मोजण्याच्या साधनाला अस्सलपणाचे प्रमाणपत्र समजू नये.

गणवेशाची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे, आणि सोलापूर हे गणवेशाचे गाव असल्यामुळे तीच आपल्या कामाची आहे. समजा, एक मध्यम दुकान पंधरा शाळांचे गणवेश ठेवते. प्रत्येक शाळेचे शर्ट, हाफ पँट, फुल पँट, ट्युनिक, पीटीचा ड्रेस आणि स्वेटर असे सहा प्रकार धरा आणि वीसपासून बेचाळीसपर्यंतची बारा मापे धरा. एक हजार ऐंशी वाण झाले, आणि हाउसच्या रंगांचे टी-शर्ट अजून धरलेलेच नाहीत. हा सगळा माल जूनच्या मध्यावर शाळा उघडण्याच्या आगेमागे, दोन-तीन आठवड्यांत विकायचा असतो. त्यात एक जरी माप तुटले तरी पालक अख्खा संच सोडून जातो, कारण शर्ट एका दुकानातून आणि पँट दुसऱ्या दुकानातून घेण्याइतका वेळ कोणाकडे नसतो. साडी न मिळाल्यास गिऱ्हाईक दुसरी साडी घेते. अमुक शाळेचा बत्तीसचा शर्ट न मिळाल्यास तमुक शाळेचा शर्ट कोणी घेत नाही. उलट जे माप जास्त उरते ते पुढच्या वर्षी खपेलच असेही नाही, कारण मधल्या काळात शाळेने चौकडा बदलला की तो माल मोडीत निघतो. एवढ्या थोड्या दिवसांत एवढे वाण आणि एवढी नेमकी मागणी असलेला दुसरा कोणताही कपडा मला ठाऊक नाही. रोज संध्याकाळी अर्ध्या तासात संपूर्ण दुकान मोजता आले, तर तिसऱ्या दिवशीच कळते की बत्तीस आणि चौतीस संपत आले आहेत, आणि कारखाना गावातच असल्यामुळे चौथ्या दिवशी माल येऊ शकतो. मुंबई-पुण्याच्या दुकानदाराला ही सोय नाही. टॅगचा खरा लाभ जवळ कारखाना असणाऱ्यालाच होतो, हे यंत्र विकणारे सांगत नाहीत, बहुधा त्यांच्या लक्षातच आलेले नसते.

अर्थात माप मोजणे वेगळे आणि माप घेणे वेगळे. २०२४-२५ मध्ये राज्यातल्या सरकारी शाळांसाठी एकाच पद्धतीच्या गणवेशाची योजना राबवली गेली तेव्हा गणवेश उशिरा येण्याच्या आणि अंगाला न बसण्याच्या तक्रारी झाल्या, आणि अखेर तो अधिकार शाळा व्यवस्थापन समित्यांकडे परत गेला. मुलांच्या अंगाचे माप कोणी नीट घेतलेच नसेल, तर त्या चुकीवर कोणताही टॅग उतारा नाही.

आता खर्चाकडे, म्हणजेच अधिकाराकडे येऊ. अमेरिकेतल्या वॉलमार्टने २००३ साली आपल्या सर्वांत मोठ्या शंभर पुरवठादारांना फर्मावले की जानेवारी २००५ पासून खोक्यांवर आणि ती रचायच्या पॅलेटवर टॅग लावूनच माल पाठवायचा. टॅगचा खर्च पुरवठादाराचा, आणि मोजणीचा फायदा मुख्यतः वॉलमार्टचा, अशी ती वाटणी होती. ते फर्मान अपेक्षेप्रमाणे चालले नाही, याचे एक कारण ही वाटणीच होती. पुढे २०१० मध्ये त्याच कंपनीने जीन्स आणि अंतर्वस्त्रांच्या एकेका नगावर टॅग आणले तेव्हा जम बसू लागला, कारण मापांची उतरंड असलेल्या कपड्यांतच या तंत्राला खरे काम आहे. आज युनिक्लोच्या दुकानात टोपली खाचेत ठेवली की बिल आपोआप तयार होते, आणि डेकॅथलॉनमध्ये जाऊन आलेल्या पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांकडून आपण त्याच्या सुरस कथा ऐकतो. या साखळी दुकानांसाठी किंवा मोठ्या शाळासमूहांसाठी सोलापुरात शिलाई होऊ लागली, की टॅगचा हुकूम बाहेरून येईल. तेव्हा क्रमांकाची पद्धत त्यांची असेल, माहिती त्यांच्या संगणकात जाईल आणि पाच रुपये मात्र इथल्या कारखानदाराच्या नफ्यातून जातील. साडेतीनशे रुपयांच्या शर्टावर पाच रुपये म्हणजे दीड टक्क्याच्या आत. पण शिलाईच्या धंद्यात दीड टक्का कशाला म्हणतात हे दहा मशिनवाल्याला विचारावे.

हुकूम येण्याआधी आपणच सुरुवात करावी, असे मला वाटते ते याचसाठी. दहा-पंधरा मशिनच्या कारखान्याला क्रमांक घेण्याची कागदपत्रे, लेबल छापतानाच चिपमध्ये क्रमांक लिहिणारा प्रिंटर आणि लाखाच्या घरात जाणारे रीडर हे सगळे एकट्याने झेपणारे नाही, आणि वर्षातले दोन-तीन महिने सोडले तर ते यंत्र धूळ खात पडेल. पण पंचवीस-तीस कारखान्यांनी मिळून एक प्रिंटर आणि पाच-सहा रीडर घेतले, लेबलांची एकत्र खरेदी केली आणि ज्याला लागेल त्याने भाड्याने न्यावे अशी व्यवस्था लावली, तर खर्च वाटला जातो. यंत्रमागापासून सूतगिरणीपर्यंत सहकाराने सोलापुरात काय उभे केले हे आपल्याला माहीत आहे. काय बुडवले हेही माहीत आहे, त्यामुळे रीडर कोणाच्या कपाटात राहील आणि किल्ली कोणाकडे असेल, हे पहिल्याच बैठकीत कागदावर यावे.

आता ती अट, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. २०१२ साली ब्राझीलमधल्या व्हितोरिया दा कॉन्किस्ता या शहरात सुमारे वीस हजार शाळकरी मुलांच्या गणवेशात चिप बसवण्यात आल्या. मूल शाळेच्या दारातून आत गेले की पालकांना मोबाइलवर निरोप जाई. आले नाही तर तसाही निरोप जाई. हेतू गैरहजेरी रोखण्याचा होता आणि वरवर पाहता त्यात काही वावगे दिसत नाही. पण माल मोजण्यासाठी निघालेली चिठ्ठी मूल मोजू लागली की ती कुठे थांबणार, याचे उत्तर कोणाकडे नसते. इटलीच्या बेनेटन कंपनीच्या कपड्यांत चिप बसवण्याची योजना २००३ मध्ये पुढे आली तेव्हा ग्राहकांच्या संघटनांनी बहिष्काराची हाक दिली आणि काही आठवड्यांतच कंपनीला माघार घ्यावी लागली. तिथे तर प्रश्न स्वतःच्या पैशांनी स्वतःचा कपडा घेणाऱ्या प्रौढ माणसांचा होता. गणवेश घालायचा की नाही हे मूल ठरवत नाही, आणि कोणत्या दुकानातून घ्यायचा हे अनेकदा पालकही ठरवत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने काही अपवाद ठेवून मुलांचा माग काढण्यास आणि त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाईची तरतूद केली आहे. परंतु कायद्याची वाट पाहण्याऐवजी शिंप्याने सुई कुठे घालायची हे ठरवणे सोपे आहे. चिप कॉलरच्या आत शिवली, की ती मुलाबरोबर वर्गात, बसमध्ये, बाजारात जाते आणि कोणाचाही रीडर तिला हाक मारू शकतो. ती पुठ्ठ्याच्या लेबलावर असली, की बिल झाल्यावर कात्रीने दोरा कापला आणि प्रश्न मिटला. टॅग कायमचा निकामी करण्याचा आदेशही या तंत्रात आहे, त्यासाठी ३२ बिटांचा परवलीचा क्रमांक लागतो. पण जूनच्या गर्दीत काउंटरवरचा माणूस तो देत बसणार नाही. कात्रीवर माझा अधिक विश्वास आहे. एखाद्या शाळेने चिप शिवून द्या अशी मागणी केली, तर सोलापूरच्या कारखानदारांनी ती नाकारावी, आणि ती एकेकट्याने नाकारता येत नाही हेही एकत्र येण्याचे एक कारण आहे.

राहिला दुकानातल्या नोकरांचा प्रश्न. यंत्रामुळे माणसे कमी होतील ही भीती मला गणवेशाच्या दुकानापुरती तरी फारशी खरी वाटत नाही, कारण मोजायला वेगळा माणूस तिथे कधी ठेवलेलाच नव्हता; जो दिवसभर माल दाखवतो तोच रात्री शिडीवर चढतो. मला दुसरी भीती वाटते. रोजच्या रोज नगागणिक हिशेब मिळू लागला, की मालकाला रोजच्या रोज जाब विचारण्याची चटक लागेल. ओल्या रॅकमागचा एक टॅग वाचला गेला नाही, तर तो रात्रीच कोणाच्या तरी नावावर टाकला जाईल. कामगाराच्या ताब्यात दिलेला माल गहाळ झाल्यास वेतनातून कपात करण्यापूर्वी त्याला म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, हे तत्त्व १९३६ च्या वेतन अधिनियमात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पेठेतल्या किती दुकानांत ते पाळले जाते, यावर मी इथे लिहीत नाही. माझ्याच नोंदी माझ्याविरुद्ध साक्ष देतील. इतके मात्र ठरवता येते, की रीडरच्या एका फेरीवरून कोणालाही दोष द्यायचा नाही, सलग तीन दिवसांच्या फेऱ्यांत नग दिसला नाही तर आधी माळा, कपाटामागची जागा आणि शेजारच्या शाळेचा गठ्ठा हाताने तपासायचा, आणि मोजणीचा पडदा नोकरालाही दिसेल असा ठेवायचा. आपला माप-गठ्ठा पुरा आहे हे ज्याला स्वतः दाखवता येते, त्याच्यावर संशय घेणे कठीण जाते.

हे सगळे ऐकल्यावर व्यापारी मित्र खर्चाची सबब सांगतात, टॅग ओल्याने बिघडतील म्हणतात, मुलांना रीडर चालवता येणार नाही म्हणतात. जी मुले मोबाइलवर पैसे घेतात आणि देतात त्यांना रीडर अवघड जाईल हे मला पटत नाही. खरी अडचण कोणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून मी लिहितो. काही दुकानांना आपल्या मालाचा खरा आकडा हवाच असतो असे नाही. जुन्या व्यापाऱ्यांनी खरेदीचा भाव सांकेतिक अक्षरांत चिठ्ठीवर लिहिण्याची पद्धत काढली ती गिऱ्हाइकापासून लपवण्यासाठी. मार्चमधला "असतील दहाएक" हा आकडा आणखी कोणाकोणापासून लपण्यासाठी उपयोगी पडतो, हे जमाखर्च लिहिणाऱ्याला सांगावे लागत नाही. प्रत्येक नगाला क्रमांक मिळाला की दोन वह्या ठेवणे फार कठीण होते. ज्याला ही अडचण आहे त्याने ती टॅगच्या किमतीवर ढकलू नये.

जूनचा माल हिवाळ्यातच कापायला घ्यावा लागतो. त्यामुळे येत्या हंगामासाठी काही करायचे असेल तर जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या आधी दहा-बारा कारखानदारांनी एकत्र बसून एवढेच ठरवावे: दोन शाळा निवडायच्या, त्यांचे फक्त शर्ट आणि पँट घ्यायचे, पॅकिंगच्या टेबलावर लेबल लावायचे, गावातली दोनच दुकाने धरायची आणि ऑगस्टमध्ये उरलेला माल एकदा रीडरने, एकदा हाताने मोजून दोन्ही आकडे सर्वांसमोर ठेवायचे. हाताने मोजायला मी येईन. शिडी मात्र दुसऱ्या कोणी चढावी.